काटा शंभरावर

त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गल्लीत, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे त्या रेडिओकाकू. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला सलाम करावासा वाटतो, इतकं ते फिट्ट बसलं होतं. सकाळी पार्लरचं शटर वर गेलं की काकूंचं तोंड सुरू व्हायचं, ते रात्री शटर खाली येईपर्यंत. कात्री चालू, ड्रायर चालू, नळ चालू, आणि या सगळ्यांच्या वर काकूंचा आवाज.

दोन खुर्च्यांचं पार्लर. समोर लांबलचक आरसा, कोपऱ्यात वाफेचं मशीन, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. आणि त्या पार्लरचा एकच कायदा: खुर्चीत बसलेल्या माणसाला घाबरवायचं नाही. कात्री चुकून जास्त चालली, कपाळावरची बट बोटभर आखूड झाली, रंग हवा त्यापेक्षा लालच आला, तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलता कामा नये. काकू गिऱ्हाइकाच्या मागे उभ्या राहून आरशात बघायच्या, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायच्या आणि म्हणायच्या, "छान. एकदम छान." मग मनातल्या मनात ते निस्तरायला लागायच्या. तीस वर्षांत हा गोल त्यांच्या हाताला इतका चिकटला होता की घरी गॅसवर दूध उतू गेलं तरी आधी गोल व्हायचा, मग गॅस बंद व्हायचा.

आता अशी बाई समुद्राच्या तळाशी कशी पोचली, ते ऐकण्यासारखं आहे.

त्याला कारण सूनबाई. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मुलगी गुणाची, पण बोलण्याच्या बाबतीत म्हणजे अगदी हात आखडता. दोन वर्षं झाली लग्नाला, पण सासूच्या वाट्याला "हो आई" आणि "बरं आई" यापलीकडे फारसं काही आलं नव्हतं. काकूंना वाटायचं, पोरगी घाबरते की काय आपल्याला? त्या तिला बोलतं करायला जायच्या आणि स्वतःच तासभर बोलून परत यायच्या. तिच्या कपाटात एक दिवस काकूंना काळा रबरी पोशाख दिसला, शिवाय पायात घालायचे ते लांब फिन आणि मास्क. "हे काय गं?" तेव्हा कळलं की ही गप्प बसणारी मुलगी कॉलेजपासून पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरते. तिनं फोनवर फोटो दाखवले. काकूंनी ते तीनदा बघितले आणि म्हणाल्या, "मला पण यायचं."

मुलगा हसला. त्याला नुसत्या बोटीत बसलं तरी मळमळायचं. पण काकू कसल्या ऐकतात. डॉक्टरकडून तपासून घेतलं, पोहण्याच्या तलावात वर्ग लावला, मास्कमध्ये पाणी भरून ते नाकानं बाहेर काढायला शिकल्या. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातवाऱ्यांनी, हे कळल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. पण सगळं ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल, हे कळल्यावर काकू हरखूनच गेल्या. अहो, ती तर त्यांची रोजची खूण.

वर्ग संपला, परीक्षा झाली, आणि सासू-सून चार दिवसांसाठी समुद्रावर आल्या. मुलगा घरीच राहिला आणि दर संध्याकाळी फोन करायला लागला.

तिथं गट घेऊन जाणारे गाईड होते त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते बोटीवर नियम सांगायचे आणि शाळेसारखे सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे. गट लहान. काकू आणि सूनबाई, एक बँकवाला आणि त्याची बायको, आणि दोघी बहिणी, दोघीही नर्स. जोडीजोडीनं राहायचं. एकमेकांची टाकी, नळ्या, पट्टे पाण्यात उतरण्याआधी हात लावून तपासायचे. श्वास कधीही रोखायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवेचा काटा. टाकी भरलेली असते तेव्हा काटा दोनशेवर. कोणाचाही काटा शंभरावर आला की त्यानं सांगायचं आणि अख्खा गट परत फिरणार. पन्नासच्या खाली लाल पट्टा, तिथं कोणी पोचायचं नाही.

"आणि परत फिरल्यावर?" मास्तर विचारायचे.

"कोणी कोणाला का म्हणून विचारायचं नाही," सगळे म्हणायचे.

"आणि तोंड?"

"वाकडं करायचं नाही."

पहिल्या दिवशी गट बुडालेल्या मालवाहू बोटीकडे निघाला. ती अठरा मीटर खाली, वाळूत कलून पडलेली. तिकडे जाण्याची फेरी फक्त दोन दिवस होती, त्यानंतर आमची नाव दुसरीकडे, असं नावाड्यानं आधीच सांगितलं होतं. काकू दोरीला धरून खाली उतरल्या आणि त्यांना काही सुचेनासं झालं. निळ्या उजेडात मासेच मासे. इकडे बघू की तिकडे बघू. त्या दिसेल त्याच्याकडे बोट दाखवत सुटल्या, फिन आपटत सुटल्या, आणि ज्या वेगानं त्या पार्लरमध्ये बोलायच्या त्या वेगानं त्यांनी टाकीतली हवा ओढली. बोट दिसायच्या आतच काटा शंभरावर. काकूंनी इमानदारीनं सांगितलं. मास्तरांनी हात फिरवला आणि सगळे माघारी.

वर आल्यावर कोणी काही विचारलं नाही, नियमच होता तसा. पण टॉवेलनं डोकं पुसता पुसता बँकवाला हळूच म्हणाला, "काकूंनी अर्धा समुद्र ओढून घेतला." नर्स बहिणी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. काकूही हसल्या. पण संध्याकाळी त्यांनी जेवणाचं ताट अर्धवट बाजूला सारलं. आपल्यामुळे पाच माणसांचा पैसा आणि दिवस पाण्यात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. आयुष्यभर सगळ्यांना खूश ठेवून पाठवणारी बाई, आणि इथं सगळ्यांची तोंडं उतरवून बसली.

रात्री पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं: काही झालं तरी उद्या आपल्यामुळे कोणी परत फिरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी असं स्वच्छ की नावेतूनच खालची वाळू दिसावी. काकूंचे हातपाय नुसते शिवशिवत होते. सूनबाईनं त्यांचे पट्टे ओढून बघितले, टाकीचा नॉब उघडा आहे ना ते बघितलं, काकूंनी तिचं बघितलं. "आई, आज हळू," ती म्हणाली. "हळूच गं," काकू म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी धपकन पाण्यात पडल्या.

खाली उतरताना त्यांनी खरंच प्रयत्न केला. मनात आकडे मोजत श्वास घेतला, हात पोटाशी धरले. पण मग समोरून पिवळ्या माशांचा थवा आला तो थेट त्यांच्या अंगावरून, डाव्या-उजव्या बाजूनं, डोक्यावरून. शेकड्यांनी. एकानं मास्कच्या काचेवर तोंड लावून आत बघितलं. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी आकडे कोणाच्या लक्षात राहतात? काकूंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्या खदाखदा हसल्या आणि हसण्याबरोबर बुडबुड्यांचा लोट वर गेला.

पुढे काहीतरी काळं, मोठं दिसायला लागलं. बोटीचं टोक. कठडा दिसला, त्याच्या मागे वाकलेली शिडी.

आणि नेमके तेव्हाच मास्तर मागे वळले. दोन बोटं तळहातावर टेकवून त्यांनी विचारलं: हवा किती? एक बोट म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पन्नास. बँकवाल्यानं एक बोट आणि पंजा दाखवला. त्याच्या बायकोनं तेच. नर्स बहिणींनी तेच. सूनबाईनं तर त्याहून जास्त, ती मुलगी हवासुद्धा जपूनच वापरायची.

काकूंनी नळी उचलून काटा बघितला. बरोबर शंभर.

समोर बोट. मागे पाच माणसं. काकूंचा हात वर गेला आणि त्यांनी एक बोट दाखवलं. मग पंजा. मग वर आणखी अंगठा आणि तर्जनीचा गोल, छान, एकदम छान. तीस वर्षांची सवय, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मास्तरांनी मान हलवली आणि पुढे निघाले. काकूंनी काट्याची नळी कमरेच्या पट्ट्यात खोचून टाकली, म्हणजे ती आपल्याला दिसायला नको आणि दुसऱ्यालाही.

इथं मला काकूंचा राग येतो, सांगून टाकतो. नवशिक्या बाईनं घाबरून गोंधळ करावा हे समजू शकतो. पण आपल्या श्वासाबद्दल खोटं बोलायचं, तेही कशासाठी, तर बँकवाल्याचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून? पण काकू तशाच होत्या. लोकांना खूश ठेवण्यासाठी त्यांनी जन्मभर स्वतःला गुंडाळून ठेवलं होतं, आणि यात काही धोका असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पण ती बोट! डोळ्यांचं पारणं फिटावं अशी होती. कठड्यावर मऊ, लाल, झुलणारं कायकाय उगवलेलं. सुकाणूच्या खोलीची काच गेलेली, आणि आत एक भला मोठा मासा साहेबासारखा बसलेला, हलायचं नाव नाही. काकूंनी खिडकीत तोंड घातलं. त्यानं काकूंकडे बघितलं, काकूंनी त्याच्याकडे बघितलं. सूनबाईनं पुन्हा पुन्हा हातानं विचारलं, ठीक? काकूंचा गोल तयारच. ठीक. छान. एकदम छान. त्या शिडीखालून वाकून बघत होत्या, नांगराच्या साखळीवर हात फिरवत होत्या, आणि इतका आनंद त्यांना शेवटचा कधी झाला होता ते त्यांना आठवेना.

वाकता वाकता पट्ट्यात खोचलेली नळी सुटली आणि लोंबायला लागली. सूनबाईची नजर काट्यावर पडली.

काकूंनी तिचे डोळे बघितले. मास्कच्या काचेआड ते एवढे मोठे झाले होते. मग त्यांनी स्वतःचा काटा बघितला. लाल पट्ट्यात. चांगलाच आत.

आणि भीती वाटली की श्वास आणखी जोरात होतो, ते काही माणसाच्या हातात नसतं. एवढं होऊनही काकूंचा हात वर गेला आणि बोटांचा गोल व्हायला लागला. सूनबाईनं तो हात धरला आणि खाली दाबला.

दोन वर्षांत जिनं सासूपुढे मान वर केली नव्हती, तिनं काकूंच्या खांद्याचा पट्टा मुठीत पकडला, त्यांना गर्रकन आपल्याकडे वळवलं, दुसऱ्या हातानं टाकीवर पट्ट्याची लोखंडी कडी आपटली, टण टण टण, आणि मास्तर वळायच्या आत स्वतःच्या टाकीची जादा पिवळी नळी काकूंच्या तोंडासमोर धरली. काकूंनी आपली काढून ती तोंडात घेतली. एक श्वास. दुसरा. सूनबाई डोळ्यांत डोळे घालून तळहात हळूहळू खाली करत होती: सावकाश. सावकाश. मास्तर आले, एका नजरेत त्यांना सगळं कळलं, त्यांनी अंगठा वर केला आणि सगळे वर निघाले. घाई न करता. पाण्याखाली घाईनं वर येणं हा हवा संपण्याइतकाच मोठा धोका.

पाच मीटरवर दोरीला धरून थांबायचं असतं, अंगातला दाब निवळेपर्यंत. सासू-सून एकमेकींच्या हातात हात अडकवून लटकल्या होत्या, एकाच टाकीवर. काकूंच्या समोर सूनबाईचा काटा लोंबत होता. त्यांनी श्वास घेतला की काटा जरा थरथरायचा. पुन्हा घेतला की पुन्हा. तिनं इतकी जपून ठेवलेली हवा आपल्या छातीत जाते आहे, हे त्यांना समोर दिसत होतं. मासे आले, गेले. काकूंनी एकाकडेही बघितलं नाही. मास्कमध्ये पाणी साचलं होतं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

नावेवर आल्यावर मास्तरांनी टाक्या बाजूला लावल्या, काकूंचा काटा बघितला आणि शांतपणे विचारलं, "हे कसं झालं?"

"माझं चुकलं," सूनबाई म्हणाली. "जोडीदाराचा काटा मी स्वतः बघायला हवा होता. हातानं विचारत राहिले."

"तिचं काही चुकलं नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "मास्तरांनी विचारलं तेव्हा काटा शंभरावर होता. मी दीडशे दाखवले. जाणूनबुजून दाखवले. परत फिरायला लागू नये म्हणून."

बँकवाला खाली बघायला लागला. त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली. काकूंना वाटलं, संपलं, आता गप्पगप्प किनाऱ्यावर जायचं आणि सामान भरायचं.

आणि तेवढ्यात सूनबाई उठली.

"आई, हे काय वागणं झालं?" आवाज कापत होता, पण चांगला खणखणीत होता. "मी विचारते, तुम्ही छान म्हणता. चार वेळा विचारलं, चारही वेळा छान. तुमच्या शेजारी पोहत होते मी, आणि तुम्ही मला खोटं सांगत होता. वर जाऊन तुमच्या मुलाला मी काय सांगितलं असतं? आई छान होत्या? तुम्हाला लोक काय म्हणतील याची पडली आहे, माझी नाही पडली? यापुढे मला ते बोटांचं कडं दाखवायचं नाही. आकडा दाखवायचा. पाण्यात आणि घरीसुद्धा. दुखत असेल तर दुखतं म्हणायचं, राग आला असेल तर राग आला म्हणायचं. दोन वर्षं मी विचारते आहे आणि दोन वर्षं सगळं छानच चाललं आहे आपलं. मला तुमच्याशी बोलायला जागाच नाही सापडत."

एवढं बोलून ती धापा टाकत खाली बसली आणि टॉवेलमध्ये तोंड घालून रडायला लागली.

नावेवरचे सगळे रेडिओकाकूंकडे बघत होते. आता ही बाई काय बोलणार? काही बोलली नाही. त्या उठल्या, सूनबाईशेजारी जाऊन बसल्या आणि आपला कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.

"काकू," मास्तर म्हणाले, "दुपारी उथळ पाण्यात उतरणार आहोत. पण तुमचं मी ठरवणार नाही. जोडीदार ठरवेल."

"आज नाही," सूनबाई टॉवेलमधूनच म्हणाली.

"नाही म्हणाली ना," काकू म्हणाल्या. "मग नाही."

दुपारी गट गेला. जाताना बँकवाला घुटमळला, "काकू, काल मी उगाच बोललो," म्हणाला आणि कान लाल करून नावेत चढला. त्या दोघी धक्क्यावर पाय सोडून बसल्या, मधे चहाचे पेले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आणि काकूंना आश्चर्य वाटलं की त्यात काही अवघड वाटत नव्हतं. संध्याकाळी फोन वाजला. मुलगा. काकूंचा हात सवयीनं पुढे गेला, फोन उचललाही, आणि मग तो त्यांनी सूनबाईच्या हातात दिला.

"तू सांग."

"मी?"

"सगळं सांग. मला ऐकायचंय."

सूनबाईनं आधी चाचरत सुरुवात केली. मग पिवळ्या माशांचा थवा आला, तसा तिचा आवाज चढला. सुकाणूच्या खोलीतल्या त्या साहेबाचं तर तिनं असं काही वर्णन केलं की काकूंना पेला खाली ठेवावा लागला. एका हातात फोन आणि दुसरा हात हवेत, कठडा एवढा, साखळी एवढी. या मुलीत एवढं सगळं भरलेलं होतं? कुठं ठेवलं होतं हिनं?

"आई कुठे आहे?" पलीकडून आवाज आला. "ती गप्प का आहे? बरी आहे ना?"

"आहेत इथंच. ऐकतायत." सूनबाईनं फोनवर हात ठेवला. "आई, काट्याचं सांगू?"

"शंभरावर होता तेही सांग. मी दीडशे दाखवले तेही."

तिनं सांगितलं. काहीही गाळलं नाही. पलीकडे तो ओरडायला लागला, ते धक्क्यावरसुद्धा ऐकू येत होतं: बस झालं, उद्याच्या उद्या घरी या, हे काय वय आहे का. काकूंनी मान खाली घातली. बरोबरच होतं त्याचं.

"नाही," सूनबाई फोनमध्ये म्हणाली. "उद्या सकाळी आम्ही दोघी परत उतरणार आहोत. उथळ पाण्यात, खडकांपाशी. मी मास्तरांना सांगून ठेवलंय. काय? अरे, आधी ऐक तर. त्यांचा काटा माझ्या हातात असणार आहे, आणि त्या मला आकडा सांगणार आहेत. आणि मला त्यांच्याबरोबरच जायचंय. दुसरं कोणी नको मला."

रेडिओकाकूंच्या छातीत असं काही उसळून आलं की धक्क्यावर उभं राहून सगळ्या समुद्राला ओरडून सांगावं. सांगायला कितीतरी होतं. पण पोरगी बोलत होती, आणि अजून तिचं संपलं नव्हतं.